पिकअपच्या जागी

१५ जून, रविवार. सकाळी साडेदहा. नायगावजवळची आमची रोपवाटिका, पत्र्याची खोली.
हजर : अण्णा (माझे थोरले भाऊ), वहिनी, त्यांची मुलगी म्हणजे माझी भाची, आणि मी.
गैरहजर : कुणी नाही.
विषय : पिकअप काढून रोजच्या वापरासाठी कमी इंधनात चालणारी गाडी घेणे.

हे तेव्हाच वहीत लिहिलं होतं, ते इथे तसंच उतरवलं आहे. नांदेडला एका मुलींच्या वसतिगृहात मी गृहपाल आहे. एकवीस वर्षं रोज संध्याकाळी हजेरी घेते. त्यामुळे चार माणसं एका खोलीत बसली की माझा हात आपोआप वहीकडे जातो. घरात यावरून माझी थट्टा होते, पण आधार कार्ड कुठे ठेवलं, विम्याची तारीख कोणती, अण्णांची गोळी कोणत्या वेळची, हे सगळे मलाच फोन करून विचारतात.

पिकअप मोठी होती. चार दारांची, मागे लांब हौदा, पांढरी. आंब्याची तीनशे कलमं उभी मावायची. अण्णा तिला म्हैस म्हणायचे. "म्हैस हाय. खाती, पण देती." सात वर्षं तिने दिलं. लातूर, उदगीर, देगलूर, माहूरचा डोंगर, जिथे कुणी रोपं मागितली तिथे अण्णा स्वतः घेऊन गेले. ड्रायव्हर कधी ठेवला नाही. ते म्हणायचे, ड्रायव्हर खड्डा बघतो, रोप बघत नाही.

या बैठकीच्या आदल्या वर्षी जुलैत ते कलमं भरून लातूरला निघाले होते. अहमदपूर मागे पडलं आणि त्यांचा डावा हात गिअरवरून घसरला. पुन्हा उचलायला गेले तर उचलेना. मग डावा पाय गेला. शेजारी कुणी नव्हतं. त्यांनी उजव्या हाताने गाडी कडेला घेतली, एका कडुलिंबाच्या झाडाखाली, उजव्या पायाने ब्रेक दाबला, गाडी हिसका देऊन बंद पडली. मग त्याच हाताने दोन्ही बाजूंचे दिवे लावले. मोटारसायकलवरच्या एका जोडप्याने त्यांना पाहिलं. पुढचं सगळं दवाखान्याचं आहे, ते लिहीत नाही. पण जीभ वळायला लागल्यावर ते पहिलं पूर्ण वाक्य बोलले ते हे : "कलमाची एक पिशवी लवंडली न्हाई."

अकरा महिन्यांनी आम्ही त्या पत्र्याच्या खोलीत बसलो होतो तेव्हा परिस्थिती अशी होती. अण्णा काठी घेऊन चालत होते. डावा हात खांद्यापासून थोडा हलत होता, बोटं नाही. रोपवाटिका अर्ध्यावर आली होती आणि रोपं पोचवायला भाड्याचा छोटा टेम्पो लावला होता. पिकअप रोज नांदेडला जात होती ती फक्त भाचीला घेऊन, चालवायचीही तीच. ती तिथे एका लॅबमध्ये काम करते, रक्त तपासायचं. आठवड्यातले तीन दिवस अण्णाही तिच्याबरोबर यायचे, व्यायामाच्या दवाखान्यात. तिथलं झालं की दिवसभर माझ्या वसतिगृहाच्या फाटकापाशी वॉचमनच्या खुर्चीशेजारी बसायचे आणि संध्याकाळी परत जायचे. एवढ्या मोठ्या गाडीत एक बारीकशी मुलगी आणि एक आजारी माणूस, हौदा रिकामा. भाचीने टाकी काठोकाठ भरून दोनदा मोजलं. लिटरला साडेनऊ किलोमीटर.

"आता नुसती खाती," अण्णा म्हणाले. गाडी काढायला त्यांची हरकत नव्हती. त्यांना चढायलाही जमत नव्हतं. पायाखाली आम्ही देवघरातला पाट ठेवायचो.

मी मुद्दे सांगायला सुरुवात केली. इंधन. सीटची उंची. काठी कुठे ठेवायची. तेवढ्यात ते म्हणाले,

"पैला मुद्दा मी सांगतो, लिही. मला चालवता यायला पायजे."

वहिनी शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "घ्या! हितं चमचा धरता येईना, अन् गाडी."

"डाव्या हातानं चमचा कोन धरतंय? तू धरतीस?"

भाची हसली. वहिनी हसल्या नाहीत.

अण्णांचं म्हणणं हवेतलं नव्हतं. व्यायामाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी माझ्यासमोर सांगितलं होतं आणि माझ्या वहीत त्याची नोंद आहे : उजवी बाजू शाबूत, नजर चांगली, समज चांगली. क्लच नसलेली, गिअर आपोआप बदलणारी ऑटोमॅटिक गाडी असेल तर सहा महिन्यांत एखाद्या मोकळ्या मैदानात बसवून बघू. जमलं तर वैद्यकीय दाखला, मग आरटीओ. स्टिअरिंगला एका हाताने फिरवायची मूठ बसवून मिळते. म्हणजे रस्ता होता. लांबचा होता, पण होता.

"ताई, तुला सांगतो," अण्णा माझ्याकडे वळले. "कलम बांधायला दोन हात लागतात. एकानं खुंट धरायचा, एकानं काप घ्यायचा. ते गेलं. म्या काही बोललो का? न्हाई बोललो. पर गाडी एका हातावर अन् एका पायावर चालती म्हणत्यात. मग तेवढं तरी बघू दे की."

"अन् पुन्हा आला झटका तर?" वहिनींनी शेंगांचं सूप खाली ठेवलं. "त्या येळी झाड होतं कडेला. येळ सांगून येती का?"

"मी कडेला घेतली म्हणून झाड होतं."

मी अण्णांचा मुद्दा लिहून घेतला. चौथ्या क्रमांकावर. पहिले तीन आधीच लिहून झाले होते आणि मला खाडाखोड आवडत नाही.

पुढचे दोन महिने मी गाड्या बघितल्या. ज्या रविवारी सुट्टी मिळेल त्या रविवारी नांदेडमधली एक-दोन शोरूम. वसतिगृहातली शिवणाची टेप घेऊन जायची. जमिनीपासून सीट किती इंच, दार किती उघडतं, काठी आडवी मावते का. अण्णांना प्रत्येक गाडीत बसवून उठवायचं. ते मुकाट्याने बसायचे, उठायचे. सगळीकडे पाणी मिळायचं, कुठे कुठे सरबत. एका ठिकाणी तिथला मुलगा भाचीला म्हणाला, "मॅडम, बाबांना मागंच बसवायचं ना? मागची जागा लई ऐसपैस हाय." अण्णांनी त्याला विचारलं, "तुमच्या बाबाला कुठं बसवता?" तो म्हणाला, "आमचे बाबा स्वतः चालवतात, काका." साधा मुलगा होता, त्याला काही कळलं नाही.

नव्या ऑटोमॅटिक गाड्या आमच्या आवाक्यात नव्हत्या. ते एका ओळीत संपलं. राहिली जुनी. भाचीनेच ती शोधली. लातूरला गुरांचे एक निवृत्त डॉक्टर होते, त्यांची पेट्रोलवरची छोटी ऑटोमॅटिक, सहा वर्षं वापरलेली, विकायची होती. ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही चौघं पिकअपने लातूरला गेलो.

डॉक्टर गप्पिष्ट होते. घर गावाबाहेरच्या प्लॉटिंगमध्ये, समोर सरळ गल्ली, एका टोकाला पाण्याचा टँकर उभा. त्यांनी चहा दिला आणि माझी वही बघून म्हणाले, "बाई, बैल दात बघून घेतात, म्हैस कास बघून. गाडी कागदावर न्हाई कळत. बसून बघा."

मी विचारलं, "शहरात लिटरला किती देते?"

"चौदा. खोटं कामून सांगू? हायवेला सतरा."

मी चौदा लिहिलं.

अण्णा उठले. काठी भाचीकडे दिली, गाडीच्या उजव्या दाराशी गेले आणि आत बसायची खटपट करू लागले. डावा पाय त्यांनी उजव्या हाताने उचलून आत ठेवला. आम्हाला कुणाला काही विचारलं नाही. डॉक्टर शेजारच्या सीटवर जाऊन बसले, जणू हे ठरलेलंच होतं. "डावा पाय झोपू द्या बाजूला," ते म्हणाले. "त्याला हितं कामच न्हाई."

वहिनी ओट्यावर उभ्या राहिल्या, पदराचं टोक तोंडात. गाडी निघाली. चालत्या माणसाइतक्या वेगाने ती टँकरपर्यंत गेली, थांबली, मागे आली, वळली, पुन्हा थांबली, मग आमच्याकडे परत आली. मी घड्याळ बघितलं होतं. चार मिनिटं. अण्णांनी ती कुंपणाच्या भिंतीला लावली, इतकी सरळ की मधून वहीसुद्धा जेमतेम गेली असती. गाडी बंद केली नाही. तसेच बसून राहिले.

"डॉक्टरसाहेब," ते काचेतून समोर बघत म्हणाले, "जनावर शांत हाय."

"मग! माझ्या हाताखालचं हाय."

दोघं हसले. अण्णांचं हसू आजारानंतर एका बाजूने वाकडं झालं आहे, तरी ते हसू होतं. वर्षभरात मी ते पाहिलं नव्हतं. हे मी वहीत लिहिलं नाही, कारण त्यासाठी रकाना नव्हता.

परत येताना अहमदपूरच्या अलीकडे ते झाड आलं. सकाळी जाताना अण्णांनी तिकडे बघितलं नव्हतं. आता त्यांनी ते भाचीला दाखवलं. "हे बघ, हितं घेतली होती मी. बघ किती जागा हाय. कायमची ध्यानात ठेव, रस्ता सोडायचा तर अशा जागी सोडायचा." तिला ते गाडी शिकवत होते. ती गेली सहा वर्षं गाडी चालवते, पण ती "हाव बाबा" म्हणाली.

घरी आल्यावर मी गाड्यांच्या गुणांचा तक्ता पूर्ण केला. नऊ विषय ठेवले होते, एकूण शंभर गुण. आठ विषयांना दहा-दहा आणि इंधनाला वीस. शेवटी दोन गाड्या उरल्या होत्या. एक लातूरची ऑटोमॅटिक, दुसरी नांदेडच्या शोरूममधली नवी, सीएनजीवर चालणारी, साध्या गिअरची. "अण्णांना चालवता येणे" या विषयात लातूरच्या गाडीला दहापैकी दहा, नांदेडच्या गाडीला शून्य. इंधनात लातूरला नऊ, नांदेडला एकोणीस. तिथे बरोबरी झाली. मग टायर, वय, हमी, दुरुस्ती कुठे होते, अशा बाबींमध्ये लातूरची गाडी मागे पडत गेली.

भाचीने तक्ता बघून एकच प्रश्न विचारला. "आत्या, इंधनाला वीस का?"

"विषयच इंधनाचा आहे," मी म्हणाले. वहीतल्या विषयाच्या ओळीवर मी बोट ठेवलं. विषय : कमी इंधनात चालणारी गाडी घेणे. तिने तक्ता माझ्याकडे सरकवला. रोज नांदेडला तीच जाणार होती, टाकी तिलाच भरायची होती, तरी वीस का हे तिनेच विचारलं होतं.

अण्णा बाहेर खाटेवर होते. त्यांनी आतलं बोलणं ऐकलं असावं.

"किती मार्क पडले?"

"लातूरला एकसष्ट."

"अन् तिला?"

"पासष्ट."

"म्हंजे मी चार मार्कानं नापास," ते म्हणाले.

"तुम्ही नाही अण्णा. गाडी."

"तेच ते."

वहिनींचं मत पक्कं होतं आणि त्यांच्याशी भांडायची कुणाची हिंमत नव्हती. त्या मला मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेल्या. "ताई, ते चार मिनिटं गल्लीत गेले ना, मला वाटलं माझंच काळीज बंद पडतंय. रोज कसं जगू मी? तुमचा कागद बरोबर हाय. कागदाला चिकटून राहा." मी चिकटून राहिले. मला तेव्हा हेही बरं वाटलं होतं की निर्णय कुणा माणसाने घेतला नाही, तक्त्याने घेतला. घरात भांडण नाही, रुसवा नाही. अण्णांनीही पुढे विषय काढला नाही. त्याचा अर्थ मी संमती असा लावला. वसतिगृहात सूचना फळ्यावर लावल्यावर तीन दिवसांत कुणी हरकत घेतली नाही की ती मान्य असते. तोच हिशोब मी इथे लावला.

पितृपंधरवड्यात आमच्याकडे गाडी घरात आणत नाहीत, म्हणून ताबा दसऱ्यावर गेला. त्या पंधरवड्यात लातूरच्या डॉक्टरांचा फोन आला. "बाई, एकजण बघायला येतो म्हणतोय. तुमच्या दादांचा हात चांगला बसला होता म्हणून आधी तुम्हाला विचारतो. ठेवू का?"

मी म्हणाले, "नको. आमचं ठरलं."

"बरं. तसं तो घेईल असं वाटत न्हाई मला. मन बदललं तर फोन करा, नंबर हायच."

हा फोन आल्याचं मी घरी सांगितलं नाही. ठरलेल्या गोष्टीवर पुन्हा चर्चा कशाला, असं मला वाटलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पिकअप रिकामी केली. शोरूमवाले ती बदल्यात घेणार होते. मी यादी केली : ताडपत्री एक, दोर तीन, पाण्याचा कॅन, माहूरच्या देवीच्या कुंकवाची पुडी, कलमं बांधायच्या प्लास्टिक पट्टीची दोन रिळं, चष्म्याचं रिकामं घर, खुरपं, सीटखाली कापडात गुंडाळलेली कलमाची सुरी. सुरीला धार तशीच होती. मी ती अण्णांपुढे धरली. त्यांनी उजव्या हातात घेतली, अंगठ्याने पातं बघितलं, परत माझ्याकडे दिली.

"तुझ्या वहिनीला दे. कांदे चिरील."

मी यादीत सुरीपुढे लिहिलं : स्वयंपाकघर.

दसऱ्याची यादीही माझीच होती. हार एक मोठा, नारळ एक, हळदकुंकू, अगरबत्ती, पेढे दोन किलो, आपट्याची पानं, लिंबं चार. लिंबं वहिनींनी स्वतः निवडून आणली, पिवळीधमक, चारही सारखी. ही यादी आजही वहीत आहे आणि तिच्यात काहीही राहिलेलं नाही. लिंबावरून गाडी कोण काढणार, एवढंच तिच्यात नाही. ते कुणी यादीत लिहीत नाही. घरातलं थोरलं माणूस काढतं. आमच्याकडे सायकलपासून ट्रॅक्टरपर्यंत प्रत्येक गाडी आधी वडिलांनी आणि मग अण्णांनी काढली आहे. आमच्या चौघांपैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नाही, की आलं आणि कुणी बोललं नाही, हे मला अजून ठरवता येत नाही.

शोरूममध्ये जत्रा होती. दहा-बारा गाड्या रांगेत, प्रत्येकीपुढे एक कुटुंब, प्रत्येक कुटुंबाचा फोटो. आमची गाडी राखाडी रंगाची, लहानशी, हार तिच्या नाकापेक्षा मोठा. वहिनींनी हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं. मी नारळ फोडला, भाचीने चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. पुढच्या गाडीची माणसं खोळंबली होती, शोरूमचा माणूस घाईत होता. त्याने आमच्याकडे बघितलं, सगळ्यात पिकलेले केस कुणाचे ते हेरलं, आणि पुठ्ठ्याची मोठी किल्ली अण्णांच्या हातात दिली. फोटो झाला. मग खरी किल्ली पुढे केली.

"चला काका, बसा. लिंबावरून काढा गाडी. टाळ्या वाजवा हो सगळे!"

आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. दसरा होता, लोक खुशीत होते.

अण्णांनी किल्ली घेतली. ती भाचीकडे देतील असं मला वाटलं. त्यांनी काठी वहिनींकडे दिली आणि दाराशी गेले. लातूरला बसले होते तसेच बसले. डावा पाय हाताने उचलून आत घेतला. मी दाराशी वाकले होते, मला सगळं दिसत होतं. त्यांनी तो पाय पुन्हा उचलला आणि क्लचवर ठेवला. हाताने गुडघ्यावर जोर दिला. क्लच थोडा दबला, पाय घसरून खाली पडला. पुन्हा उचलून ठेवला. पुन्हा पडला. टाळ्या वाजतच होत्या, मग हळूहळू विरळ झाल्या. डावा हात मांडीवर होता, गिअरपासून वीतभर अंतरावर. तो गिअरकडे निघाला नाही. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

तिसऱ्यांदा त्यांनी पाय उचलला नाही. किल्ली तशीच ठेवून ते म्हणाले, "ये गं बाई, तू काढ. लिंबं वाळतील."

त्यांना बाहेर यायला बसण्यापेक्षा जास्त वेळ लागला. माणूस म्हणाला, "सॉरी काका, मला ठाऊक नव्हतं." अण्णा म्हणाले, "तुमची काय चूक? घरच्यांनाच ध्यानात न्हाई." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं.

भाचीने गाडी काढली. लिंबं फुटली. तिचे डोळे भरले होते आणि समोर रस्त्यावर तोबा गर्दी होती, पण तिने गाडी नीट काढली. अण्णा पुढे तिच्याशेजारी बसले, वहिनी आणि मी मागे. मागची जागा खरोखर ऐसपैस आहे.

गाडीबद्दल लिहायचं तर तक्ता अक्षरशः खरा ठरला. किलोला सत्तावीस किलोमीटर पडतात, भाचीने तीनदा मोजलं. सीटची उंची बरोबर आहे, पाट लागत नाही. काठी मागे आडवी मावते. नांदेडच्या गल्लीबोळांत गाडी कुठेही लागते. सीएनजीच्या पंपावर कधी कधी तासभर रांग असते, तेवढी एक अडचण मी धरली नव्हती.

दिवाळीनंतर अण्णांनी व्यायामाला यायचं बंद केलं. आधी म्हणाले थंडी आहे. मग म्हणाले रांगेत बसून कंबर धरते. मी एका रविवारी गेले आणि सरळ विचारलं.

"काहून बंद केलंत? डॉक्टरबाई विचारून राहिल्यात."

ते शेडनेटच्या तोंडाशी खुर्चीत बसले होते. आत मजूर बायका पिशव्या भरत होत्या. "फाटकापर्यंत जाता येतंय मला," ते म्हणाले. "फाटकापर्यंतच जायचंय. त्याला एवढा व्यायाम कशाला?"

"हात सुधारतो त्याने. आणखी सुधारेल."

"सुधारून काय धरायचं हाय त्यानं?"

वहिनी आतून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या, माझ्या हातात चहा दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ताई, माझंच चुकलं का वं?" मी म्हणाले, "तक्ता मी केला होता, वहिनी." त्यांना भीती वाटत होती, ती खरी होती. माझ्याकडे भीती नव्हती, फक्त रकाने होते.

आता गाडी आठवड्यातले सगळे दिवस भाचीला एकटीलाच घेऊन जाते. वजन कमी झालं म्हणून की काय, किलोला सत्तावीसच्या वर जाते. वसतिगृहाच्या फाटकापाशी वॉचमनशेजारची खुर्ची मी आत घेतलेली नाही. तो विचारतो, "दादा कधी येणार?" मी म्हणते, बघू.

मला यादीत उत्तर सापडत नाही असं फारसं होत नाही. पण त्या तक्त्याकडे मी आता बघते तेव्हा दिसतं की बेरीज बरोबर आहे आणि प्रश्नपत्रिका मीच काढली होती. इंधनाला दहा ठेवले असते तरी पुरलं असतं. अण्णांच्या मुद्द्याला मी वीस दिले असते तर कुणी मला विचारलं नसतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मी वहीत राहिलेल्या कामांची यादी नव्या पानावर उतरवते. जुनी झालेली खोडायची, न झालेली पुढे न्यायची. गेल्या रविवारची अशी : गाडीची पहिली सर्व्हिसिंग, झाली. पाट देवघरात परत ठेवणे, झालं. डॉक्टरबाईंना अण्णांचं कळवणे, झालं. त्या म्हणाल्या, खाडा फार लांबला तर हात आखडेल, लवकर आणा.

आणि शेवटची ओळ, जी मी चौथ्यांदा नव्या पानावर उतरवली : लातूरला फोन करून गाडी आहे की गेली ते विचारणे.

फोनमध्ये नंबर आहे. डॉक्टर दिवसभर घरीच असतात. दोन मिनिटांचं काम आहे. गाडी गेली असेल तर ती ओळ खोडता येईल. गेली नसेल तर नायगावला जाऊन, चौघांना पुन्हा त्या पत्र्याच्या खोलीत बसवून, हजेरी घेऊन, विषय नव्याने लिहावा लागेल. आज दुपारी नंबर काढून समोर ठेवला होता. मग मेसमध्ये गॅस आला, त्याची नोंद करायला उठले.

फोन राहिला आहे.